ला निना आली, म्हणून गुलमर्गला बर्फ पडणार?

दिवाळीचे आकाशकंदील उतरण्याआधीच हिवाळ्याचे भाकीत बातम्यांत अवतरते: प्रशांत महासागरात ला निना, म्हणून उत्तर भारतात कडाक्याची थंडी, म्हणून गुलमर्ग-औलीत भरपूर बर्फ. या वाक्यातला दुसरा 'म्हणून' भौतिकशास्त्र शिकलेल्या माणसाला सहन होण्यासारखा नाही.

थंडी आणि हिमवृष्टी ही एकाच गोष्टीची दोन नावे नव्हेत. २१ डिसेंबर २०२४ च्या पहाटे श्रीनगरचा पारा उणे ८.५ अंशांपर्यंत उतरला होता. हवा मात्र कोरडी होती. किंबहुना ती कोरडी होती म्हणूनच पारा इतका उतरला. रात्री जमिनीतून निघणारे अवरक्त प्रारण ढग आणि बाष्प शोषून घेतात व त्यातले काही जमिनीकडे परत धाडतात. ते नसले की उष्णता अवकाशात निसटून जाते. ज्या थंडीकडे बोट दाखवून बर्फाची आशा लावली जाते, ती थंडी पुष्कळदा बर्फ न पडण्याचेच लक्षण असते.

बर्फाला बाष्प लागते. काश्मीरला हिवाळ्यात ते आणून देतात पश्चिमी विक्षोभ, म्हणजेच वेस्टर्न डिस्टर्बन्स. त्यांचा ला निनाशी संबंध काय? दीर्घकालीन नोंदी पाहिल्या तर वायव्य भारतातील हिवाळी पर्जन्याचा कल एल निनोच्या वर्षी वाढीकडे, तर ला निनाच्या वर्षी घटीकडे दिसतो. म्हणजे बातमी चक्क उलटी आहे!

पण ती उलटवून छापण्याची घाईही नको. २०२३-२४ चा हिवाळा एल निनोचा होता आणि जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गची कुरणे उघडी पडली होती. महिनाअखेरीस विक्षोभ आले, बर्फ पडला आणि फेब्रुवारीत खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा पार पडल्या. पुढच्याच वर्षी, २२ फेब्रुवारी २०२५ ला ठरलेल्या त्याच स्पर्धा बर्फाअभावी मार्चवर गेल्या. अनेक दशकांच्या सरासरीतला कल एका गावाच्या एका महिन्याविषयी फारच थोडे सांगतो. एखाद्या विक्षोभाची भरवशाची चाहूल तर जेमतेम आठवडाभर आधी लागते. ऑक्टोबरात जे छापले जाते ते अनुमान नव्हे, जाहिरात होय.

छायाचित्रांचे तर विचारूच नका. गुलमर्गचे कुरण सुमारे २,६५० मीटरवर आहे. अफरवटच्या उतारावर गोंडोला ३,९०० मीटरच्याही वर जाते. दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी तापमान घटते, हे धरले तर दोन्ही ठिकाणांत आठ अंशांचा फरक पडतो. नोव्हेंबरात वरच्या टोकाला पडलेला बर्फ 'गुलमर्ग पांढरेशुभ्र' या मथळ्याखाली झळकतो, तेव्हा खाली गवत असू शकते. उंची, तारीख आणि बर्फाची जाडी सेंटिमीटरमध्ये, एवढे तीन आकडे छापायला कितीशी जागा लागते?

या हलगर्जीची किंमत पर्यटक आगाऊ रक्कम गमावून मोजतो. स्लेज ओढणारे आणि स्कीचे प्रशिक्षक मात्र अख्खा हंगाम गमावून मोजतात. शिवाय खोटी आशा लावल्याचा राग निघतो तोही त्यांच्यावरच.

परवा मावशीने विचारले, "नाताळात गुलमर्गला बर्फ मिळेल ना रे?" मी म्हटले, "फेब्रुवारीत जा, आणि पैसे परत मिळतील असेच बुकिंग कर." "म्हणजे तुलाही ठाऊक नाही!" ती म्हणाली. "नाहीच," मी म्हटले.