स्वमग्न मुलाच्या ताटात काय आहे?

गेल्या हिवाळ्यात दिल्लीत एका जुन्या सहकाऱ्यांच्या घरी जेवायला गेलो होतो. त्यांचा नातू सहा वर्षांचा आहे. तिसऱ्या वर्षी त्याला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असल्याचे निदान झाले. स्वयंपाकघरातील एक अख्खा कप्पा त्याच्या डब्यांनी आणि बाटल्यांनी भरलेला होता. माशांच्या तेलाच्या गोळ्या, ब-६ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियमची भुकटी, प्रोबायोटिकच्या पुड्या, आणि उंटिणीच्या दुधाच्या भुकटीचे दोन मोठे डबे. या सगळ्यावर महिन्याला नऊ हजार रुपये जातात, असे सूनबाईंनी संकोचून सांगितले. त्या संध्याकाळी मुलाने खाल्ले ते असे: कोरडा पांढरा भात, एका ठरावीक कंपनीची बिस्किटे आणि सालीवर एकही डाग नसलेले केळे. हे डबे डॉक्टरांनी सुचवले का, असे मी विचारले. आजोबा म्हणाले, ‘‘डॉक्टर काही देतच नाहीत. म्हणून तर हे.’’

सरकारी धोरणांचा अभ्यास हा माझा व्यवसाय आहे, आणि त्या एका वाक्यात मला एका मोठ्या धोरणात्मक पोकळीचे वर्णन ऐकू आले.

या पोकळीत किती मुले आहेत? पलवल, कांगडा, ढेंकनाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा या पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी करून काढलेला अंदाज २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साधारण शंभरातील एक मूल स्वमग्न असते. देशाच्या लोकसंख्येला हे प्रमाण लावले तर संख्या लाखांत जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ज्या २१ प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली त्यांत स्वमग्नता आहे. म्हणजे कायद्याला ही मुले दिसतात. ती काय खातात, हे मात्र कोणी विचारत नाही.

विज्ञान काय सांगते ते थोडक्यात सांगता येते, कारण त्यात वादाला फारशी जागा उरलेली नाही. ब-६ आणि मॅग्नेशियमचा कॉक्रेन संस्थेने २००५ मध्ये आढावा घेतला, तेव्हा हाती आले ते तीन लहान प्रयोग. त्यांच्या आधारे शिफारस करणे शक्य नाही, असा निष्कर्ष निघाला. गव्हातील ग्लुटेन आणि दुधातील केसीन वगळणाऱ्या आहाराचा आढावा २००८ मध्ये झाला, तोही असाच दोन छोट्या प्रयोगांवर अडला. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ च्या मार्गदर्शिकेत स्पष्टच लिहिले की, स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांसाठी असा वर्ज्य आहार देऊ नये. ल्युकोव्होरिन या फोलिनिक आम्लाच्या औषधाविषयी २०१६ मधील ४८ मुलांच्या एका प्रयोगाने आशा जागवली. सप्टेंबर २०२५ मध्ये थेट व्हाइट हाऊसमधून त्याची घोषणा झाली, आणि त्या आठवड्यात तीन ओळखीच्या पालकांनी मला त्याविषयी विचारले. ४८ मुलांवरून साऱ्या जगातील मुलांसाठी उपचार ठरत नसतो, एवढेच मी त्यांना सांगू शकलो.

तरीही पालकांना फरक जाणवतो, आणि ते खोटे बोलत नसतात. १९९९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये सिक्रिटिन या संप्रेरकाचा प्रयोग प्रसिद्ध झाला. काही मुलांना सिक्रिटिन, काहींना नुसते मिठाचे पाणी टोचले. सुधारणा दोन्ही गटांत दिसली. सिक्रिटिनचा वेगळा उपयोग नाही, हे कळल्यानंतरही सुमारे ६९ टक्के पालकांना त्यात रस होताच. मुले वाढतात, चांगले दिवस येतात, वाईट दिवस येतात. नेमक्या चांगल्या दिवसांच्या आधी जो डबा उघडला असेल, त्याला श्रेय मिळते.

इथे ‘पूरके निरुपयोगी आहेत’ असे म्हणून थांबता आले असते. आपल्याकडील बहुतेक डॉक्टर तिथेच थांबतात. पण त्या मुलाच्या ताटाचे काय? स्वमग्न मुलांत खाण्याच्या अडचणी इतर मुलांच्या पाचपट आढळतात, असे २०१३ च्या एका एकत्रित विश्लेषणातून दिसले. त्यांच्या आहारात कॅल्शियम आणि प्रथिने कमी पडतात. हा हट्ट नसतो. पदार्थाचा स्पर्श, वास, रंग, चावतानाचा आवाज यांपैकी एखादी गोष्ट त्यांना खरोखर असह्य होते. लंगडत आलेल्या मुलाची हाडे, सांधे, मज्जासंस्था सारे तपासून झाल्यावर अखेर स्कर्व्ही निघाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार येतात. स्कर्व्ही म्हणजे जुन्या काळी जहाजांवरच्या खलाशांना होणारा, ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग. मुलाने वर्षानुवर्षे दोन-तीन पदार्थांपलीकडे काही खाल्लेले नसते.

त्यात आपला देश. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या ४१ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. पाच ते नऊ वयोगटात २८ टक्के मुलांना फोलेटची, तर १८ टक्क्यांना ‘ड’ जीवनसत्त्वाची कमतरता होती. ही सर्वसाधारण मुले. ज्याच्या ताटात तीनच पदार्थ आहेत, त्याच्या रक्तात काय असेल? माझ्या सहकाऱ्यांच्या नातवावर हजारो रुपये खर्च झाले होते, पण त्याचे हिमोग्लोबिन दोन वर्षांत कोणी तपासले नव्हते. या मुलांपैकी अनेकांना पूरके हवीच आहेत. लोह हवे ते रक्तक्षयासाठी, स्वमग्नता ‘बरी’ करण्यासाठी नव्हे. बाजार हा फरक पुसून टाकतो आणि डॉक्टर तो समजावून सांगण्याइतका वेळ देत नाहीत.

वर्ज्य आहाराचे दुखणे तर उत्तर भारतात अधिकच बोचते. कोकणात किंवा केरळात गहू वगळला तर भात-मासळीचे ताट फारसे बदलत नाही. पंजाब-हरियाणाच्या शाकाहारी घरात मात्र पोळी आणि दूध काढून घेतले की मुलाच्या आहारातील प्रथिनांचा मुख्य आधारच जातो. चार ते आठ वर्षांच्या ७५ स्वमग्न मुलग्यांची हाडे २००८ मध्ये अमेरिकेत मोजली गेली. ती अपेक्षेपेक्षा पातळ होती, आणि ज्यांचे दूध बंद केले होते त्यांच्यात ही उणीव अधिक होती.

आता उंटिणीच्या दुधाकडे वळतो, कारण भारतीय धोरणाचा गुंता इथे सर्वांत स्पष्ट दिसतो. २०१२ मध्ये देशात सुमारे ४ लाख उंट होते. २०१९ च्या पशुगणनेत अडीच लाख उरले. त्यांतील बहुसंख्य राजस्थानात आहेत. ट्रॅक्टर आणि रस्ते आले, चराऊ राने आक्रसली, उंटाचे काम संपले. राजस्थानने २०१४ मध्ये उंटाला राज्यपशू घोषित केले आणि पुढच्या वर्षी कायदा करून कत्तलीवर बंदी घातली. त्यामुळे नर उंटाला जी थोडीफार किंमत होती, तीही गेली. उंट पाळणाऱ्या रायका समाजात एकेकाळी दूध विकणे निषिद्ध मानत. आज त्याच समाजासाठी दूध ही जवळजवळ एकमेव आशा उरली आहे. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ मध्ये या दुधाची मानके ठरवली. २०१९ मध्ये अमूलने कच्छमधील पशुपालकांकडून घेतलेले दूध बाजारात आणले. यात गैर काहीच नाही. किंबहुना याहून चांगले पशुपालन धोरण मला सुचत नाही.

अडचण दुधाच्या ग्राहकाची आहे. चहासाठी हे महाग दूध कोण घेणार? मधुमेही घेतात आणि स्वमग्न मुलांचे पालक घेतात. दुसऱ्या गटामागे असलेल्या पुराव्यांपैकी सर्वांत जास्त सांगितला जाणारा प्रयोग सौदी अरेबियातील आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला, ६० मुलांचा, दोन आठवड्यांचा. सिक्रिटिनची गोष्ट आठवावी. शिवाय गंमत अशी की, अनेक घरांत गायीचे दूध ‘केसीन असते’ म्हणून बंद होते आणि त्याच्या जागी उंटिणीचे सुरू होते. त्यातही केसीन असतेच. ‘कच्चेच प्यावे, तापवल्यावर गुण जातो’ असाही सल्ला फिरतो. तो तर धोकादायक आहे, कारण कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे रोग होऊ शकतात. या दुधात गायीच्या दुधापेक्षा ‘क’ जीवनसत्त्व अधिक असते हे खरे. पण एका पेरूत त्याच्या कितीतरी पट असते. अर्थात मूल पेरू खात नाही, आणि मूळ प्रश्न तोच आहे.

कायदे नाहीत असे नाही. २०१८ च्या जाहिरात व दावे नियमांनुसार एखादे अन्न रोग बरा करते, असा दावा करता येत नाही. फसव्या जाहिरातीला अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पूरकांच्या डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ असे छापावे लागते, आणि ते छापलेले असतेही; त्या कप्प्यातील डब्यावर मी ते वाचले. १९५४ च्या चमत्कारी उपचारांविषयीच्या कायद्यात ज्यांची जाहिरातच करता येत नाही अशा ५४ विकारांची यादी आहे. तीत अपस्मार आहे, अंधत्व आहे. स्वमग्नता नाही, कारण तेव्हा आपल्याकडे हे निदान जवळपास कोणी करतच नव्हते. पण मला वाटते, खरा दावा या कायद्यांच्या टप्प्यात येतच नाही. तो डब्यावर नसतो, जाहिरातीत नसतो. तो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरील एका आईच्या ध्वनिफितीत असतो: ‘‘आमचा बाळ पंधरा दिवसांत ‘मम्मा’ म्हणाला.’’ त्या आईला नोटीस कोण धाडणार, आणि का धाडावी?

नियामकाने मनावर घेतले तर तो बोलू शकतो. स्वमग्नतेवरील मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नीतिमत्ता मंडळाने २०२२ मध्ये बजावले. पण तो इशारा डॉक्टरांना होता. डबे विकणारा डॉक्टर नसतो.

म्हणून बंदीपेक्षा त्या आजोबांच्या वाक्याला उत्तर शोधणे मला अधिक निकडीचे वाटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्यातील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत स्वमग्न मूल पोहोचते. तिथे निदानाच्याच दिवशी हिमोग्लोबिन, ‘ड’ जीवनसत्त्व, वजन-उंची आणि ‘मूल नेमके कोणते पदार्थ खाते’ याची नोंद झाली पाहिजे. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला एक लाख रुपयांचे संरक्षण आहे आणि पर्यायी उपचारपद्धतींसाठी वेगळी तरतूद आहे. तशीच ती आहारतज्ज्ञ आणि भोजन-प्रशिक्षणासाठी करता येईल. ॲनिमियामुक्त भारत योजनेत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना लोहाची गुलाबी गोळी फुकट मिळते. गुलाबी रंगालाच घाबरणाऱ्या मुलाला ती कशी द्यायची, हे आशाताईंना कोणी शिकवलेले नाही.

हे शिकवता येते. गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत ६५ स्वमग्न मुलांच्या पालकांना प्रशिक्षण देण्याचा प्रयोग झाला. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षित सामान्य आरोग्य कार्यकर्ते होते. मुलांशी संवाद साधण्याच्या पालकांच्या रीतीत त्याने फरक पडल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसते. तो प्रयोग जेवणाविषयी नव्हता. पण ताटात नवा पदार्थ आधी नुसता शेजारी ठेवणे, मग हात लावू देणे, कित्येक दिवसांनी चाटू देणे, हे कामही त्याच जातीचे आहे: संथ, घरात बसून, आईबापांच्या हातून होणारे. त्याला डबा लागत नाही. महिन्यातून दोनदा दारात येणारे माणूस लागते.

परवा सहकाऱ्यांचा फोन आला होता. नातवाचे हिमोग्लोबिन ८.२ निघाले. लोहाचे औषध सुरू झाले आहे, केळ्याच्या शिकरणात लपवून. उंटिणीच्या दुधाची भुकटी बंद केली का, असे मी विचारले नाही. त्यांनीच सांगितले की, सूनबाई अजून तयार नाहीत. चालू डबा संपेपर्यंत थांबू या, म्हणतात.