बेरजेत न दिसणारा भार

कोथरूड-एरंडवण्यातील जुन्या सोसायट्या पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या करण्याचा जो सपाटा पुण्यात सुरू आहे, त्यात सभासदांच्या सभा लिफ्टच्या कंपनीवर आणि दर्शनी भागाच्या रंगावर तासन्‌तास चालतात; परंतु ज्या रोहित्रावर, म्हणजे आपल्या बोलीतील डीपीवर, लिफ्टसुद्धा अवलंबून असते, त्याचा हिशेब बहुधा कोणी मागत नाही.

हा हिशेब काही गूढ नाही. समजा, ६० सदनिका आहेत आणि प्रत्येकीचा मंजूर भार ५ किलोवॉट आहे. सर्वांचे गीझर आणि एसी एकाच क्षणी चालत नसल्यामुळे त्या ३०० किलोवॉटपैकी ४० टक्के, म्हणजे १२०, धरले. त्यांत पंप, लिफ्ट व जिन्यातील दिवे यांचे ३० मिळविले, आणि त्या १५० ला ०.९ या शक्तिगुणकाने भागले, की सुमारे १६७ केव्हीए येतात. तेव्हा ११ किंवा २२ हजार व्होल्टांचा दाब ४३३ वर उतरविणारे २०० केव्हीएचे प्रचलित रोहित्र पुरेसे ठरते. त्याची प्रत्येक फेज २६७ अँपिअर सोसते, आणि आपल्याला २२२ च लागतात.

मात्र या साऱ्या गणितात तिन्ही फेजांवर भार समसमान आहे, असे गृहीत धरलेले असते, आणि सदनिका तर बहुतांशी एकेका फेजवर जोडलेल्या असतात. त्याच १६७ केव्हीएची वाटणी ३००, २२२ आणि १४४ अँपिअर अशी झाली, तर बेरीज तसूभरही न बदलता पहिल्या फेजचे वेटोळे मर्यादेबाहेर जाते, आणि तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने त्यात पूर्ण भाराच्या सव्वापट उष्णता निर्माण होते. शिवाय न्यूट्रलमधून सुमारे १३५ अँपिअर वाहू लागतात. असे न्यूट्रल कधी तुटलेच, तर कमी भाराच्या फेजवरील बिऱ्हाडांत दाब भलताच चढतो आणि टीव्ही-फ्रिज जळतात.

यावर ३१५ केव्हीएचे रोहित्र बसवावे, हा सल्ला हमखास मिळतो. मला तो आळसाचा वाटतो. मोठ्या रोहित्राच्या गाभ्यातील लोहहानी भार असो वा नसो, चोवीस तास चालूच राहते आणि तिची वसुली अखेर वीजग्राहकांकडूनच होते. फाजील मोठेपणाचे हे भाडे कायमचे. त्यापेक्षा उन्हाळ्यातील रात्री दहाच्या सुमारास, जाणत्या वायरमनकडून, तिन्ही फेजांचा प्रवाह टाँग टेस्टरने मोजवून घेणे आणि परवानाधारक ठेकेदाराकडून रीतसर काही जोडण्या एका फेजवरून दुसरीवर हलविणे अधिक शहाणपणाचे. आणि नव्या इमारतीच्या भारतक्त्यात तर एकूण बेरजेबरोबर फेजवार तीन रकाने असल्याखेरीज समितीने तो मंजूरच करू नये.

विजेवरील मोटारींमुळे ही गोष्ट आता निकडीची झाली आहे. घरगुती मोठा चार्जर एकाच फेजमधून ३२ अँपिअर, सुमारे ७ किलोवॉट, तासन्‌तास ओढतो, आणि वाहनतळात ठेकेदार तो जवळ सापडेल त्या फेजला जोडून मोकळा होतो. तेव्हा चार्जरची परवानगी मागणाऱ्या सभासदाच्या अर्जावर फेजचा उल्लेख सक्तीचा करावा, आणि तशी नोंदवही मीटरच्या खोलीतच ठेवावी.