ओढ्याची वाट अडवून पूर कसा टळणार?

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र पुणेकरांच्या स्मरणातून सहजासहजी पुसली जाणार नाही. कात्रजच्या डोंगरउतारांवर काही तास मुसळधार पाऊस कोसळला आणि एरवी नाक दाबून ओलांडला जाणारा आंबिल ओढा सहकारनगर, अरण्येश्वर, दांडेकर पूल या भागांतील घराघरांत शिरला. भिंती कोसळल्या, मोटारी एकमेकींवर चढल्या. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा संकटाला निदान एक कारण तरी होते. २०१९ मध्ये कोणतेही धरण फुटले नव्हते. फुटले ते नियोजनाचे सोंग.

अशा प्रसंगी ‘निसर्गाचा कोप’ हा शब्दप्रयोग कारभाऱ्यांच्या मोठ्या सोयीचा असतो. निसर्गावर गुन्हा दाखल होत नाही, निसर्गाची चौकशी समिती नेमावी लागत नाही. पाऊस आता थोड्या वेळात अधिक पडतो, हे खरेच. परंतु तोच पाऊस गवताळ टेकडीवर पडला तर त्याचा मोठा वाटा मातीत थबकतो, मुरतो आणि उरलेला सावकाश ओढ्याला मिळतो. डांबर, काँक्रीट आणि फरशीवर पडला तर जवळजवळ सगळाच्या सगळा काही मिनिटांत खाली धावतो. पाऊस आकाशातून येतो. पूर मात्र बऱ्याच अंशी जमिनीवर घडवला जातो.

याच आंबिल ओढ्याचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजला बांध घालून पाणी अडवले गेले. गाळ मागे राहावा आणि निवळलेले पाणी पुढे जावे, अशी योजना होती. ते पाणी दगडी बांधणीच्या भुयारी नळातून, ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवून, केवळ उताराच्या बळावर शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतील हौदांपर्यंत खेळवले गेले. पर्वतीच्या पायथ्याशी त्याच ओढ्यावर तळे उभे राहिले. आज त्या तळ्याच्या जागी सारसबाग आहे. तळे गेले, ‘तळ्यातला गणपती’ हे नाव तेवढे उरले.

येथे कोणी म्हणेल, ओढा तर पेशव्यांनीही वळवला होता. अवश्य वळवला. वाढत्या शहरासाठी ओढ्याचा प्रवाह बदलणे त्यांनाही भाग पडले. परंतु जुनी वाट मोडताना त्यांनी नवी वाट दिली, आणि पाणी साठवायला जागाही दिली. आजच्या व्यवस्थेने वाट घेतली, जागाही घेतली आणि बदल्यात सिमेंटचे नळ दिले. नियोजन आणि अतिक्रमण यांतला भेद तो हाच.

२०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत समाविष्ट झाली. या गावांच्या शिवारांतून वाहणाऱ्या ओढ्या-नाल्यांचे काय होणार, हा प्रश्न बांधकामाचे पहिले खोदकाम सुरू होण्यापूर्वी विचारला जायला हवा होता. प्रत्यक्षात ओढा आधी भरावाखाली जातो, मग त्यावर वाहनतळ होतो आणि काही वर्षांनी तेथे कधी ओढा होता हे सांगणारा माणूसही उरत नाही. पाण्याला मात्र आपली वाट आठवत असते. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्याचा विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या घरात गेला आणि सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी पाण्याखाली गेली. तेथे पूर नदीचा होता, आंबिल ओढ्याच्या काठी ओढ्याचा. धडा मात्र एकच.

आपत्तीनंतर उपाय कोणता? ओढ्याला सीमाभिंती बांधणे. भिंतीने पाणी कमी होत नाही. ते अरुंद पात्रात अधिक वेगाने पुढच्या वस्तीवर जाऊन आदळते. मोठ्या व्यासाच्या नळांचेही तेच. वरच्या वस्तीची सुटका म्हणजे खालच्या वस्तीचे संकट, याला व्यवस्थापन कसे म्हणावे? जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळील ओढ्याकाठच्या घरांवर कारवाई झाली आणि तो वाद न्यायालयापर्यंत गेला. ओढ्याचे पात्र मोकळे झालेच पाहिजे. पण कायद्याची कुदळ झोपडीवर आधी आणि टोलेजंग संकुलाच्या भरावावर कधीच नाही, असे दिसू लागले तर त्या कायद्याचा आदर कोण करील?

प्रश्न केवळ पुराचाही नाही. पहिल्या पावसाचे पाणी रस्त्यावरचे तेल, टायरची धूळ आणि प्लास्टिक घेऊन वाहते. वाटेत त्यात सांडपाणी मिसळते आणि हे सारे थेट मुठेत जाते. मुळा-मुठा शुद्धीकरणासाठी जपानी अर्थसाहाय्याने ११ प्रकल्पांची योजना आखली गेली, ती सांडपाण्यासाठी. ओढ्यातून येणाऱ्या या पावसाळी घाणीचे उत्तरदायित्व कोणाचे? नदीकाठ सुशोभित करायचा आणि नदीला मिळणारे ओढे गटार म्हणूनच ठेवायचे, हे तर तुळशीवृंदावन रंगवून तुळस वाळू देण्यासारखे झाले.

उपाय अज्ञात नाहीत. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्येच शहरी पुराबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली. पाणलोट क्षेत्र हाच नियोजनाचा पाया मानावा, हे त्यांचे सूत्र आहे. त्यानुसार कात्रजच्या माथ्यापासून मुठेपर्यंत आंबिल ओढा हा एकसंध घटक मानला पाहिजे. प्रभागांच्या सीमा पाण्याला ठाऊक नसतात. प्रत्येक ओढ्याची हद्द जागेवर दगड रोवून निश्चित व्हावी. टेकड्या बांधकामापासून मुक्त राहाव्यात. उद्याने आणि मैदाने थोडी खोलगट ठेवून चार-सहा तास पाणी थोपवता येते. ओढा नदीला मिळण्यापूर्वी गाळ बसवणारे खड्डे आणि पाणकणसासारख्या वनस्पतींचे पट्टे ठेवता येतात.

आणि सर्व दोष महापालिकेच्या माथी मारून मध्यमवर्गाला हात झटकता येणार नाहीत. पुण्यात वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस मीटरच्या गच्चीवर त्यातून सात लाख लिटर पाणी येते. दहा हजार लिटरचे सत्तर टँकर! तेच पाणी जुलैत रस्त्यावर सोडायचे आणि मे महिन्यात टँकर विकत घ्यायचे, हा व्यवहार अनेक सुशिक्षित सोसायट्या बिनदिक्कत करतात. पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडावरील नव्या बांधकामाला पर्जन्यजल-संधारण बंधनकारक आहे. भोगवटा पत्रापुरता खड्डा दाखवला जातो; पुढे त्यातील गाळ कोण काढतो? पुण्याच्या काळ्या कातळात पाणी सर्वत्र सारखे मुरत नाही, म्हणून भूजल जाणकाराच्या सल्ल्याने जागा निवडावी लागते. तेवढे कष्टही नकोत, ही वृत्ती घातक आहे.

पूर ओसरल्यावर चिखल उपसायला, अन्नाची पाकिटे पोहोचवायला या शहरात हात कधी कमी पडले नाहीत. ते पुण्यकर्मच आहे. पण त्याच हातांनी मे महिन्यात आपल्या प्रभागातील ओढ्याच्या काठाने एकदा उगमापर्यंत चालत जावे, भराव कोठे पडला ते टिपावे, विकास आराखड्याशी ताडून पाहावे आणि लेखी जाब विचारावा. बुडालेल्याला बाहेर काढणारा समाज चांगला खरा. परंतु कोणी बुडूच नये म्हणून पहारा देणारा समाज त्याहून श्रेष्ठ. तो पहारा पावसाळ्यापूर्वी द्यायचा असतो.