खाडीच्या दोन तीरांचा धडा

बोरिवलीच्या गोराई जेट्टीवरून सुटणारी बोट काही मिनिटांत प्रवाशाला महानगरातून गावात नेऊन सोडते. अलीकडे म्हाडाची दाट वसाहत, बाजार, शाळा, रिक्षांची रांग. पलीकडे होड्या, वाळत घातलेली मासळी, वाड्या आणि जुने गावठाण. दोन्ही तीरांचे नाव एकच, गोराई. एका तीरावर नवे नगर वसवले गेले आणि ते रुजले. दुसऱ्या तीरावर नवे नगर लादण्याचा घाट घातला गेला आणि तो उधळला गेला. असे का घडले, याचा विचार करण्याची तसदी आपल्या नियोजनकर्त्यांनी अद्याप घेतलेली नाही.

आधी पलीकडच्या तीराची कथा. २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा झाला आणि देशभर जमिनीवर नजरा वळल्या. गोराई, मनोरी, उत्तन या हिरव्या पट्ट्यातही पर्यटन व मनोरंजनाचे विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्यामागचा सिद्धान्त सोपा होता: प्रचलित कायद्यांचा जाच दूर करा, कर माफ करा, भूभाग एका विकासकाच्या हाती सोपवा, समृद्धी आपोआप चालत येईल. त्या भूभागावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या कोळी, आगरी, भंडारी आणि ईस्ट इंडियन कुटुंबांचे स्थान या सिद्धान्तात कोठे होते? फार तर नुकसानभरपाईच्या यादीत! गावकरी एकवटले, रस्त्यावर उतरले आणि ते क्षेत्र कागदावरच राहिले. त्यांना तेव्हा ‘विकासविरोधी’ हे बिरुद बहाल करण्यात आले.

आता अलीकडचा तीर पाहा. १९८५ साली जागतिक बँकेच्या कर्जसाहाय्याने मुंबई नागरी विकास प्रकल्प सुरू झाला. चारकोप आणि गोराई येथे म्हाडाने तयार घरे वाटली नाहीत. तिने आखलेले भूखंड दिले. रस्ता, पाणी, मलनिःसारण यांची सोय शासनाने केली आणि घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे बांधले. दुर्बल घटकांचे छोटे भूखंड आणि मध्यमवर्गाचे मोठे भूखंड एकाच वसाहतीत ठेवले गेले. व्यापारी भूखंडांच्या विक्रीतून गरिबांच्या भूखंडांचा भार हलका केला गेला. चौकाभोवतीच्या पस्तीसेक कुटुंबांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था, अशी रचना झाली. शहरापासून दूर, खाडीकाठच्या ओसाड जागी कोण राहायला जाणार, असे तेव्हा विचारले जात होते. कर्ज देणाऱ्यांनीही आरंभी या प्रयोगाला फारसे यश मानले नाही. परंतु दोन दशकांनंतर अभ्यासक परत आले, तेव्हा त्यांना तेथे भरलेल्या, मजल्यावर मजला चढवलेल्या, तळघडीला दुकान आणि वर बिऱ्हाड अशा जिवंत वसाहती दिसल्या.

हे घडले कशामुळे? कारकुनाला, गिरणी कामगाराला, फेरीवाल्याला हक्काचा कागद मिळाला आणि संस्थेच्या सभेत हात वर करण्याचा अधिकार मिळाला. ज्याच्या पायाखालची जमीन पक्की, तोच माणूस घरावर मजला चढवतो, मुलाला शिकवतो, दुकान थाटतो. अर्थव्यवहाराची गंगोत्री ही अशा स्थैर्यात असते. करमाफीच्या अधिसूचनेत नव्हे.

‘चीनचे शेन्झेन पाहा,’ असे येथे हमखास सांगितले जाते. अवश्य पाहावे, परंतु पूर्ण पाहावे. १९८० साली विशेष क्षेत्र झालेल्या त्या नगरात जमिनीची मालकी शासनाने सोडली नाही. जुन्या खेड्यांच्या सामूहिक संस्थाही पुसल्या गेल्या नाहीत. त्यांनीच चाळी उठवून लक्षावधी कामगारांना निवारा दिला. उलट होंडुरासने २०१३ च्या कायद्याने स्वतंत्र नियमांची, खासगी कारभाराची नगरे मान्य केली. जनक्षोभानंतर २०२२ साली तो कायदा रद्द झाला आणि २०२४ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती व्यवस्थाच घटनाबाह्य ठरवली. लोकांना वगळून लिहिलेली सनद किती काळ टिकते, याचा हा दाखला आहे.

एवढ्या दूर जाण्याचीही आवश्यकता नाही. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनींवर नवी मुंबई आखली गेली. जमीन गेली, मोबदला तुटपुंजा मिळाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात झालेल्या गोळीबारात पाच भूमिपुत्रांनी प्राण दिले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या संघर्षातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व शासनाला स्वीकारावे लागले. जे आरंभीच न्याय म्हणून द्यायचे, ते पाच चिता पेटल्यावर दिले गेले!

गोराई आणि मनोरीच्या किनाऱ्यावरची नजर आजही हटलेली नाही. नवे रस्ते, नवे आराखडे येतच राहतील, आणि यावेतही. पलीकडच्या मुलांनी महाविद्यालयासाठी आयुष्यभर भरती-ओहोटीचे वेळापत्रक का पाळावे? प्रश्न विकास हवा की नको हा नाहीच. तो कोणाच्या नावावर होणार, हा आहे. म्हणून आधी गावठाण आणि कोळीवाड्यांच्या सीमा निश्चित व्हाव्यात. मासळी वाळवण्याच्या जागा आणि होड्यांचे धक्केही त्या सीमेत यावेत. प्रत्येक आराखडा मराठीत, गावाच्या सभेपुढे मांडला जावा. विकसित जमिनीत मूळ कुटुंबांचा वाटा कामाच्या पहिल्याच दिवशी नोंदला जावा.

नगर म्हणजे बांधकाम नव्हे. तो माणसांनी परस्परांशी केलेला करार आहे. अलीकडच्या तीरावर तो पस्तीस-पस्तीस कुटुंबांनी केला, म्हणून ते नगर उभे आहे. पलीकडच्या तीरावर करार करायला कोणी आलेच नाही; आले ते केवळ जमीन मोजायला. पुढच्या वेळी बोटीतून उतरणाऱ्या अधिकाऱ्याने मोजपट्टीच्या आधी एक सतरंजी बरोबर आणावी आणि गावाबरोबर तीवर बसावे.