अठरा पूर्ण झाले, आता राहायचे कुठे?

बालगृहात वाढलेल्या मुलासाठी अठरावा वाढदिवस म्हणजे बाहेरची वाट. इस्लापूर-किनवटकडच्या मुलाला पुढे शिकायचे तर नांदेड गाठावे लागते. तिथे खोलीवाला आधी डिपॉझिट मागतो, मग वडिलांचा फोन नंबर.

कायदा गप्प नाही. बाल न्याय अधिनियम 2015 चे कलम 46 अशा मुलांना आर्थिक मदत 'देता येईल' असे म्हणते. 'दिलीच पाहिजे' असे म्हणत नाही, गोम इथेच आहे. अनुरक्षणाची सोय 21 वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून 23 पर्यंत मिळू शकते, पण त्यासाठी बालकल्याण समितीचा आदेश लागतो. मिशन वात्सल्यमध्ये महिन्याला 4,000 रुपये ठरलेत. त्यात भाडे भरायचे की मेस?

आपली पोरे म्हणतील, स्वाधार आहे ना! आहे. पण ती योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे जातीचा दाखला आलाच. ज्याला आई-बापच ठाऊक नाहीत, त्याने वडिलांची टीसी कुठून आणायची? शिवाय स्वाधारचे पैसे उशिरा येतात, ही विद्यार्थ्यांची जुनीच तक्रार. 2018 मध्ये राज्याने अनाथांना शिक्षण आणि नोकरीत 1 टक्का आरक्षण दिले. चांगलेच झाले, पण त्यातून खोलीचे भाडे निघत नाही.

म्हणून काम सतराव्या वर्षीच सुरू व्हायला हवे. आधार, बँक खाते, अनाथ प्रमाणपत्र आणि समितीकडचा अर्ज अठराच्या आत पूर्ण झाला का, हे तालुक्यातल्या कार्यकर्त्यांनी बालगृहात जाऊन विचारावे. आणि नांदेडच्या विहारांतून खोलीसाठी हमी देणारी चार माणसे तरी उभी राहावीत.