मातीलाही वैद्य हवा

बारावीचा निकाल लागला की बारामती-इंदापूर परिसरातील सुशिक्षित घरांमधून एकच प्रश्न ऐकू येतो : ‘मेडिकलला नंबर लागेल का?’ विज्ञानाची गोडी आहे आणि चार लोकांच्या उपयोगीही पडायचे आहे, असे म्हणणाऱ्या मुलामुलींसमोर डॉक्टरकीवाचून दुसरी वाट ठेवलीच जात नाही. २०१९ मध्ये बारामतीतच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यावर ही ओढ स्वाभाविकपणे वाढली. ती गैर नाही. पण जागा मोजक्या आणि इच्छुक अगणित. ‘नीट’च्या दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात उमेदीची वर्षे खर्ची पडतात आणि अखेरीस विज्ञानही सुटते, सेवाही सुटते. रुग्ण केवळ रुग्णालयातच असतो, हे कुणी ठरविले?

या दोन तालुक्यांतील एक जुना रुग्ण म्हणजे येथील माती. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर, १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि या कोरड्या मुलखात ऊस उभा राहिला. समृद्धी आली, पण तिच्या पाठोपाठ व्याधीही आली. काळ्या, खोल जमिनीला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिले आणि त्याचा निचरा झाला नाही, तर भूजल वर चढते. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र वर साचतात. पुढे जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो, उगवण विरळ होते आणि एकेकाळचे सोन्यासारखे शिवार पडीक पडते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हाणे यांनी १९१० साली नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींवर अभ्यासपूर्ण पुस्तिका प्रसिद्ध केली. शंभराहून अधिक वर्षे लोटली, दुखणे सरलेले नाही.

येथेच विज्ञानाची आणि सेवेची गाठ पडते. खारवट जमीन निराळी, चोपण निराळी. खारवट जमिनीला निचऱ्याचे चर आणि चांगल्या पाण्याने क्षार धुऊन काढणे पुरते. चोपण जमिनीत मात्र सोडियमने ठाण मांडलेले असते, तेथे जिप्सम आणि धैंचासारखी हिरवळीची खते लागतात. निदान चुकले की शेतकऱ्याचे पैसे मातीत जातात आणि रोग बळावतो. सामू, विद्युत वाहकता, सोडियमचे प्रमाण हे आकडे वाचून ‘दादा, पाणी कमी करा, आधी चर काढा’ असे शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगणारा तरुण हा वैद्यच नव्हे काय? १९ फेब्रुवारी २०१५ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी मृदा आरोग्य पत्रिका योजनेचा प्रारंभ केला. पत्रिकेवर बारा घटकांची नोंद असते. पण ती समजावून देणारा माणूस बांधावर पोहोचला नाही, तर ती घडी घालून फडताळातच राहायची.

कृषी पदवी आणि पुढे मृदाशास्त्र, किंवा रसायनशास्त्राची पदवी घेऊन माती-पाणी परीक्षणाचे काम, या वाटा दूरच्या नाहीत. बारामतीत कृषी विज्ञान केंद्र आहे. माळेगाव येथे २००९ पासून अजैविक ताणावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठही आवाक्यात आहे.

पालकांची शंका रास्त आहे : प्रतिष्ठा आणि मिळकत यांचे काय? डॉक्टरचा मान या पदवीला आज नाही, हे मान्यच करावे लागेल. शिवाय कित्येक कृषी पदवीधर शेत सोडून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत बसलेले दिसतात, हेही खरे. पदवी सेवाभाव देत नाही. तो घरातून न्यावा लागतो. तो ज्याच्यापाशी आहे, त्याला या शिवारात काम कमी पडणार नाही.

हिंगोली जिल्ह्यातील कडोळीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी राजकारणातून निवृत्त होऊन चित्रकूटच्या परिसरात ग्रामविकासाचे काम उभारले. दीनदयाळ शोध संस्थानाने कृषी विज्ञान केंद्रेही चालविली. त्यांतील एक आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईजवळ आहे. प्रयोगशाळेतील ज्ञान अखेरच्या माणसाच्या बांधापर्यंत नेणे, हाच अंत्योदयाचा व्यवहारातील अर्थ. २०१० साली निधनानंतर नानाजींचा देहही वैद्यकीय संशोधनासाठी अर्पण झाला. विज्ञान आणि सेवा यांत त्यांनी भिंत मानली नाही.

आपण भूमीला माता म्हणतो, सकाळी तिच्यावर पाय ठेवण्याआधी क्षमा मागतो. मग ती आजारी असता तिच्या उपचारासाठी घरातील एखादे हुशार मूल द्यायला संकोच का वाटावा? यंदा प्रवेशाचा अर्ज भरताना पालकांनी मुलाला ‘किती गुण मिळाले?’ याच्या जोडीने ‘कुणाच्या उपयोगी पडणार आहेस?’ हेही विचारावे. उत्तर कदाचित घरामागच्या शेतातच सापडेल.