विश्लेषण : बुद्धिबळ शिकण्याचे साहित्य इंटरनेटवर मोफत, मग अडते कुठे?

डी. गुकेश डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे जगज्जेता झाला. पाठोपाठ नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमी येथे महिला विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर ठरली. अशा यशानंतर अनेक घरांत पट मांडला जातो आणि शिकवणी, पुस्तके, सॉफ्टवेअर यांच्या खर्चाचा हिशेबही सुरू होतो. त्याआधी इंटरनेटवर काय मोफत मिळते आणि ते कसे वापरावे, हे पाहणे गरजेचे ठरते.

मोफत काय मिळते?

‘लिचेस’ हे संकेतस्थळ २०१० मध्ये फ्रान्सच्या थिबो डुप्लेसी यांनी सुरू केले. ते देणग्यांवर चालते. तेथे जाहिराती नाहीत आणि सशुल्क सदस्यत्वही नाही. डाव खेळणे, कोडी सोडवणे, संगणकाकडून डाव तपासून घेणे या सर्व सोयी विनाशुल्क आहेत. ‘चेस डॉट कॉम’वर खेळणे मोफत असले, तरी कोडी आणि डावाची तपासणी यांवर मर्यादा असून त्यापुढे शुल्क लागते.

दिग्गजांचे डाव कुठे मिळतात?

मार्क क्राउदर यांचे ‘द वीक इन चेस’ १९९४ पासून दर आठवड्याला प्रमुख स्पर्धांतील डाव मोफत देते. हे डाव ‘पीजीएन’ या साध्या मजकुराच्या स्वरूपात असतात. ती फाइल उतरवून लिचेसच्या ‘स्टडी’ विभागात टाकली, की प्रत्येक चाल पटावर पाहता येते.

महागडे इंजिन घ्यावे का?

बहुतेकांना त्याची गरज नाही. जगातील सर्वात बलाढ्य इंजिनांपैकी एक असलेले ‘स्टॉकफिश’ मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोडही खुला आहे. ‘फॅट फ्रिट्झ २’ हे विकतचे इंजिन स्टॉकफिशवरच आधारलेले होते. परवान्याच्या अटी मोडल्याच्या आरोपावरून स्टॉकफिशच्या निर्मात्यांनी २०२१ मध्ये ‘चेसबेस’ कंपनीविरुद्ध जर्मनीत खटला भरला. २०२२ मधील समझोत्यात कंपनीने त्याची विक्री थांबवण्याचे मान्य केले.

मग अडचण काय?

इंजिन सर्वोत्तम चाल क्षणात दाखवते, पण ती का सुचायला हवी होती हे सांगत नाही. हरलेला डाव लगेच इंजिनात टाकणाऱ्या मुलाला चूक दिसते, पण त्या चुकीमागचा विचार तपासला जात नाही. गुकेशचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्न यांनी त्याला जडणघडणीच्या वर्षांत इंजिनापासून जाणीवपूर्वक दूर ठेवले होते. गुकेश २०१९ मध्ये, वयाच्या १३व्या वर्षात, ग्रँडमास्टर झाला.

वापराचा क्रम कसा असावा?

रोज थोडी कोडी सोडवावीत. मात्र उत्तर पूर्ण दिसल्याशिवाय पहिली चाल करू नये. झटपट डावांपेक्षा दीर्घ वेळेचा एखादाच डाव खेळावा. डाव संपल्यावर कोणत्या चालीला काय वाटले होते ते आधी वहीत लिहावे आणि मगच इंजिन सुरू करावे. पटावर सात किंवा त्याहून कमी सोंगट्या उरल्या, की ‘टेबलबेस’मध्ये जवळपास प्रत्येक स्थितीचा अचूक निकाल मिळतो, पण तोही स्वतः प्रयत्न केल्यावरच पाहावा.

ऑनलाइन रेटिंग खरे मानावे का?

लिचेसवर नव्या खेळाडूचे रेटिंग १५०० पासून सुरू होते. ‘फिडे’चे अधिकृत रेटिंग प्रत्यक्ष पटावरच्या स्पर्धांतून मिळते आणि मार्च २०२४ पासून त्याची किमान पातळी १४०० आहे. त्यामुळे मोबाइलवरचा १५०० हा आकडा फिडेच्या १५०० इतका नसतो. पालकांनी तो पाहून खर्चाचे निर्णय घेऊ नयेत. जवळच्या एखाद्या स्पर्धेत मुलाला घड्याळासमोर बसवावे, तेथील डाव घरी आणून तपासावेत आणि त्यानंतर शिकवणीचा विचार करावा.